पारूबाईंचे सात दगड

पारूबाई खरात यांच्याविषयी मी याआधी एकदा लिहिलं आहे. अकरा ओळी. माझ्या कादंबरीच्या मनोगतात त्या आहेत आणि शोधल्यात तर अजूनही सापडतील, कारण पहिल्या दोन आवृत्त्या लोकांच्या कपाटांत जाऊन बसल्या आहेत. त्या ओळींतलं पारूबाईंचं नाव, वस्ती आणि वय खरं आहे. बाकी खोटं. अनवधानानं झालं असतं तर निदान मान वर करून सांगितलं असतं. मला माहीत होतं, आणि मी तसंच राहू दिलं. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहिते आहे. या वेळी जरा लांब लिहीन, कारण एखाद्याची अब्रू घालवायला अकरा ओळी पुरतात, पण निस्तरायला पुरत नाहीत.

लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते, तो २०१६चा उन्हाळा. पडेगावात, दौलताबाद रस्त्याला, जिथं चार वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथं आमची चार मजली बिल्डिंग उभी राहिली होती. गेटाला भडक लाल रंग, गेटासमोर संगमरवरी कारंजं. कारंज्यात पाणी मी कधीच पाहिलं नाही. बोअर आटलेली होती. मी शाळेत इतिहास शिकवायची, अजूनही शिकवते, आणि मुलांसाठी लिहायची. माझ्या भावाची मुलगी हिमानी तेव्हा तेरा वर्षांची. शेजारच्याच विंगमध्ये राहते. ती उशीएवढ्या जाड परदेशी कादंबऱ्या वाचायची, जुन्या काळातल्या, किल्ल्यांच्या, पऱ्यांच्या. त्या पऱ्यांना बर्फ लागायचा, धुकं लागायचं, आणि आमच्याकडे बादलीभर पाण्यात दोघांच्या आंघोळी चाललेल्या. मला त्या पऱ्यांचा राग यायचा. म्हटलं, आपल्याकडे काय पऱ्या नाहीत? आपल्या साती आसरा आहेत की. विहिरीत, डोहात राहणाऱ्या सात बहिणी. पाण्याकाठी सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावला की झाली त्यांची जागा, देऊळ लागत नाही की पुजारी लागत नाही.

कादंबरी मनात तयार होती. चारशे वर्षांपूर्वी या शहराला पाणी आणणारी जमिनीखालची नहर खोदली जाते आहे, खोदणाऱ्यांतल्या एका मुलीला त्या अंधाऱ्या बोगद्यात सात बहिणी भेटतात. नहरीचा इतिहास मला पाठ होता. आसरा मात्र काही केल्या जिवंत होत नव्हत्या. आमचा वॉचमन मोतीराम खालच्या वस्तीतला. तो म्हणाला, "पारूबाईकडं जा, बाई. तिच्यापाशी लई गोष्टी हायेत. पण टँकरच्या टायमाला जा, तवाच सापडती."

वस्ती आमच्या गेटापासून दोनशे पावलांवर. भिंतीच्या कडेनं हंडे, ड्रम, तेलाचे डबे यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी एक ठेंगणी, रुंद हाडाची बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मी वही काढली आणि अदबीनं विचारलं, "आपण पारूबाई का?"

"हंडा कुटंय तुमचा?"

"मी पाण्यासाठी नाही आले."

"मंग रांगंच्या तोंडाला कामून हुब्या? बाजूला व्हा. लोकायला वाटंल बिल्डिंगवालीला वशिल्यानं घुसवली."

मी बाजूला झाले. टँकर त्या दिवशी तीन तास उशिरा आला आणि ते तीन तास माझ्या आयुष्यातले फार चांगले तास होते, हे आज लिहिताना जास्तच टोचतं.

पारूबाईंचा जन्म धर्मांतराच्या वर्षीचा. गाव दौलताबादच्या पलीकडे, किल्ला दिसतो तिथलं. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत घरी आले आणि आल्या आल्या त्यांनी आजीच्या पूजेतले आसरांचे सात दगड टोपलीत भरून विहिरीत टाकले. आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं झालं, सात जणींचा निवद वाचला." पुढं बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर तळापर्यंत कोरडी पडली आणि गाळात ते सात दगड उघडे दिसायला लागले. सोळा वर्षांच्या पारूला आजीनं काठावर नेऊन दाखवलं. "बघ माय, त्यायला बी पानी नाय."

त्याच वर्षी पारू दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. खडी फोडता फोडता बायकांना हसवायला तिनं आसरांच्या नव्याच गोष्टी रचल्या. विहीर आटली म्हणून सातवी आसरा, सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात भुकेली, पोरीचं रूप घेऊन खडी फोडायला येते, सुकडी खायला मिळते म्हणून. काम चोख करते. पण हजेरीवर अंगठा उठवायची वेळ आली की कागद भिजतो. मुकादम रोज नवा कागद आणतो, रोज शाई पसरते. शेवटी मुकादम घाबरून म्हणतो, "पोरी, तू सही शीक!"

मी रांगेत पोट धरून हसले. अशी परी मला कुठल्याच जाड पुस्तकात भेटली नव्हती.

"तुम्ही मानता का आसरांना?" मी विचारलं.

"नाय बा. गोष्ट हाय म्हून सांगते," पारूबाई म्हणाल्या. "आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. गोष्ट येगळी आन् मानणं येगळं. तुमी हे लिवा, पर हे बी लिवा." मी मान हलवली. वहीत मात्र फक्त गोष्ट लिहिली.

सातव्या आसरेची सही पारूबाईंची स्वतःचीच होती, हे मला नंतर कळलं. लग्न होऊन त्या पडेगावात आल्या, नवरा माळीकाम करायचा, तो गेल्यावर रोपवाटिकेत पिशव्या भरून त्यांनी मुलाला वाढवलं. अडतिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसल्या. कारण एकच होतं. वर्षावासात, आषाढाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि ते त्यांना करायचं होतं. शिकायला एक वर्ष लागलं, पाटासमोर बसायला धीर यायला तेरा वर्षं लागली. मी त्यांना भेटले तेव्हा त्या सलग आठ वर्षं तिथं वाचत होत्या. "मला आजून काय येत नाय," त्या म्हणायच्या, "पर तेवढं येतं." त्या बाईनं आयुष्यात स्वतःसाठी मागून घेतलेली ती एकच जागा होती.

आता दगडांचं सांगते.

मे महिन्यात एका सकाळी मी वस्तीवर लवकर गेले. टँकर थांबतो त्या भिंतीपाशी ओळीनं सात दगड मांडलेले. लाल. मी मोजले, पुन्हा मोजले. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, सापडलं! तोंडानं नाही म्हणते, पण मनातून गेलेलं नाही. फोटो काढला, घरी पळत आले आणि त्या अकरा ओळी एका दमात लिहून काढल्या. लिहून झाल्यावर डोळ्यांत पाणी आलं माझ्या. स्वतःच्याच लेखणीवर माणूस इतकं भाळू शकतं.

दुसऱ्या दिवशी मी पारूबाईंना हळूच विचारलं. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

"अवं, नंबर हायेत ते! सात जणी बांधकामावर आन् हाटेलात कामाला जात्यात सातला. टँकर येतो धा वाजता. हंडे ठिवले तर चोरीला जात्यात. म्हून दगड. हा चपटा सरूबाईचा, ह्यो टोकदार गोजरबाईचा. दगडामागं आमी त्यांचं पानी भरून ठिवतो."

"मग लाल का?"

"साध्या दगडाला पोरं लाथा मारून उडवत्यात. तुमच्याच बिल्डिंगच्या गेटाचा रंग उरला व्हता, मोतीरामनं दिला." आणि पुन्हा हसल्या. "आसरा बिसरा काय नाय, बाई."

मीही हसले. घरी आले. त्या अकरा ओळी उघडल्या. काट मारायला एक मिनिट लागलं असतं. पण आदल्या रात्री मी त्या हिमांशूला पाठवून बसले होते. हिमांशू माझा संपादक, पुण्याचा. त्याचं उत्तर आलेलं होतं : "मनस्विनीताई, या दगडांवरच पुस्तक उभं आहे. त्या बाईंचा दगडांजवळ फोटो मिळेल का?" मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार, की तो आमच्या गेटाचा रंग आहे?

फोटो काढायला गेले तेव्हा पारूबाई चांगलं लुगडं नेसून आल्या होत्या. गोष्टी सांगितल्या म्हणून पुस्तकात फोटो येणार, याचा त्यांना आनंद झाला होता. मी म्हटलं, "इथं भिंतीपाशी बसा ना, दगडांजवळ."

"दगडापाशी कशाला?"

"उजेड चांगला आहे."

त्या बसल्या. मी आजवर बरंच खोटं बोलले असेन, नोकरीत, संसारात. पण इतकं बारीक, इतकं सहज आणि इतकं नीच खोटं दुसरं आठवत नाही.

जुलैत त्यांनी मला विहारात बोलावलं, वाचन ऐकायला. गेले. पांढरी साडी, दोरीनं कानामागं बांधलेला चष्मा, समोर पाटावर ग्रंथ. उजव्या हाताचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि आवाज बोटाच्या मागून सावकाश चालत होता. पान संपलं की थांबायच्या, दोन्ही हातांनी पान उलटायच्या, तळहातानं सपाट करायच्या, मग पुढं. टँकरवर ओरडणारी बाई हीच का, असं वाटावं. मी भारावून घरी आले. आणि तरी त्या ओळी तशाच ठेवल्या.

जानेवारीत पुस्तक आलं. 'नहरीतल्या सातजणी'. लोकांना आवडलं. मुलींनी पत्रं लिहिली, शाळांनी बोलावलं. पारूबाईंना एक प्रत दिली, सातव्या आसरेच्या प्रकरणात खूण घालून. मनोगत त्यांच्या नजरेला पडू नये म्हणूनच ती खूण होती. पण त्यांची नात करुणा चौदा वर्षांची, म्हणजे ज्या वयासाठी मी लिहिलं नेमकी त्याच वयाची. तिनं पहिल्या पानापासून वाचलं. तिच्याकडून ते मैत्रिणींकडे गेलं, आणि आषाढात, वर्षावास सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, विहारात पोचलं.

वाचन सुरू होऊन दोनच दिवस झाले आणि पारूबाई माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून. पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा बांधला, आणि माझ्या सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्यांनी बोट ठेवून मला माझ्याच ओळी वाचून दाखवल्या.

"'पडेगावच्या वस्तीत पारूबाई खरात नावाची साठ वर्षांची एक अडाणी माउली आजही टँकरच्या जागी सात शेंदरी दगड मांडून साती आसरांची पूजा करते. पाणी येवो न येवो, तिची श्रद्धा आटत नाही...'"

'अडाणी'वर बोट थांबलं. "हे बी," त्या म्हणाल्या, आणि पुढं वाचत गेल्या. अकराच्या अकरा. मी पंख्याकडे बघत बसले.

"सायबराव चांगला माणूस हाय," त्या म्हणाल्या. साहेबराव म्हणजे विहाराचे सचिव, एसटीतून निवृत्त झालेले. "त्यो म्हणला, पारूबाई, मला म्हाईत हाय तुमी तसल्या नाय. पर पोरी इचारत्यात, ह्या दगड पुजत्यात आन् इथं ग्रंथ वाचत्यात, आसं कसं? मी सांगितलं समद्यायला, नंबर हायेत ते. तर म्हणत्यात, पुस्तकात छापलंय, फोटू हाय, खोटं कसं आसंल? मंग मीच उठले पाटावरनं. म्हणलं, हे मिटल्याबिगर मी वाचणार नाय."

"अहो, पण तुम्ही कशाला..."

"तुमी येवून सांगा. आन् हे तेवढं खोडून द्या. खाली सही करा."

त्यांनी पुस्तक उघडंच माझ्यापुढं सरकवलं. पेन टेबलावर होतं. मी ते उचललं नाही. म्हटलं, पुस्तकात असं खोडून चालत नाही, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. खरं कारण असं की माझ्या सहीचं खोडलेलं पान कुणाच्या हातात असणं मला नको होतं.

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "डोळ्याच्या कडंनं धुकं आल्यावानी हुतंय मला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणले काचबिंदू. थेंब घालायलेय, पर गेलं ते यायचं नाय म्हणले. म्हून घाई हाय, बाई. यंदाचं तरी वाचू द्या मला."

मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "या रविवारी विहारात येते. नक्की."

शुक्रवारी पत्र आलं, पुस्तकाला पुरस्कार मिळाल्याचं. पत्रात 'लोकश्रद्धेचा अस्सल मागोवा' असे शब्द होते. रविवारी मी गेले नाही. म्हटलं, समारंभ होऊन जाऊ दे. करुणा दोनदा बोलवायला आली. पहिल्यांदा मी पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. दुसऱ्यांदा आतल्या खोलीत बसून राहिले आणि हिमानीला म्हटलं, "आत्या घरी नाही म्हणून सांग." तिनं सांगितलं. दार लावून आत आली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तिनं माझं पुस्तक तीनदा वाचलेलं होतं. त्यानंतर चौथ्यांदा काही वाचलं नाही.

करुणा पुन्हा आली नाही. आश्विनाची पौर्णिमा होऊन गेली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली आणि हिमांशूनं विचारलं, काही दुरुस्त्या आहेत का? मी दोन स्वल्पविराम कळवले.

त्या रस्त्यानं जायचं मी बंद केलं. मागच्या गेटानं वळसा घालून शाळेत जायची. पुरस्काराचं मानचिन्ह आधी हॉलमध्ये होतं, मग पुस्तकांच्या कपाटात गेलं, मग माळ्यावर. लाज वाटत होती, अगदी रोज वाटत होती. पण लाज वाटण्यानं कुणाचं काही भलं होत नाही, हे मी मुलांना शिकवते आणि स्वतः मात्र दोन वर्षं नुसती लाजत बसले.

२०१९ला पुन्हा दुष्काळ. दोन वर्षांत आमच्या आजूबाजूला आणखी सहा बिल्डिंगी झाल्या होत्या, त्यांत नवी माणसं आली होती. त्यांतल्या बायका दौलताबादला जाता-येता थांबून त्या भिंतीपाशी फुलं ठेवायला लागल्या. मग हळदकुंकू, हिरवे खण. कुणीतरी दगडांना खरा शेंदूर लावला. मे महिन्यात आमच्या सोसायटीनं वर्गणी काढून तिथं ओटा बांधला आणि सातही दगड सिमेंटमध्ये बसवले. हे सगळं मागच्या गेटानं जाणाऱ्या मला कळलंच नाही. कळलं ते ओट्याच्या प्रसादाचं बोलावणं आलं तेव्हा.

गेले. आमचे चेअरमन अनंतराव आणि त्यांची बायको यमुनाबाई यांचा पुढाकार होता. यमुनाबाई दगडांवर पाणी शिंपडत होत्या. टँकरच्या पाण्यातलं. बाजूला वस्तीतल्या बायका हंडे घेऊन खोळंबलेल्या. इतक्यात गर्दीतून पारूबाई आल्या. अंगानं निम्म्या झालेल्या. ओट्यावर हात फिरवून त्यांनी चपटा दगड शोधला आणि हलवून पाहिला.

"अहो, हात लावू नका!" यमुनाबाई ओरडल्या. "देव आहेत ते."

"ह्यो सरूबाईचा नंबर हाय," पारूबाई शांतपणे म्हणाल्या. "ती कामावर गेलीय. तिचं पानी भरायचंय."

"नंबर कसला? आमच्या मॅडमच्या पुस्तकात सगळं दिलंय. या बघा, इथंच आहेत मॅडम."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पारूबाईंनीही मान वळवली, पण त्यांची नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठं तरी लागली. मी ओट्यापाशी पुढं झाले.

"यमुनाबाई, त्या बरोबर सांगतायत. हे पाण्याच्या रांगेचे दगड आहेत. तो आपल्या गेटाचा रंग होता. मी पुस्तकात खोटं लिहिलं."

यमुनाबाई गोड हसल्या. "तुम्ही लेखक मंडळी फार नम्र असता बाई. छापून आलंय की! आणि पुरस्कार काय उगाच देतात?" त्यांनी माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

मी तीनतीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. अनंतराव म्हणाले, उन्हाचा त्रास होतोय मॅडमना. शेजारून पारूबाईंचा आवाज आला, कोरडा, थोडासा हसरा.

"आता कळ्ळं का, बाई?"

कळलं. त्याच दिवशी हिमांशूला फोन करून सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "लोकांना तेच तर आवडतं ताई," मग माझा आवाज ऐकून म्हणाला, काढू. तिसऱ्या आवृत्तीत त्या ओळी नाहीत, फोटो नाही, आणि त्या का नाहीत ते लिहिलं आहे. पण ते छापून यायला वर्ष जाणार होतं. वर्षावास जुलैत सुरू झाला. पाचव्या संध्याकाळी मी विहारात गेले.

चाळीसेक माणसं होती. मी साहेबरावांना म्हटलं, मला बोलायचं आहे. उभी राहिले आणि सांगितलं. दगड, रंग, फोटो, उजेड चांगला आहे म्हणाले ते, पेन उचललं नाही ते, हिमानीकडून खोटं बोलवलं ते. सांगताना रडू येत होतं, पण रडले नाही. रडले असते तर लोकांनी मलाच पाणी दिलं असतं. पारूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, करुणा त्यांच्या शेजारी. दोघींच्या चेहऱ्यांवर काही दिसलं नाही.

साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हे कागदावर लिहून द्या, बाई. तुमच्या छापलेल्यापुढं आमच्या तोंडच्या शब्दाचं काय चाललं नाही. आता आमच्याकडं बी कागद आसू द्या." मी तिथंच बसून लिहिलं. सही केली. अकरा ओळींपेक्षा जास्त झालं. साहेबरावांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, घडी करून ग्रंथाच्या शेवटच्या पानात ठेवलं आणि म्हणाले, "पारूबाई, या. पाट तुमचा हाय."

करुणानं हात धरून त्यांना पाटासमोर बसवलं. पांढरी साडी त्या नेसूनच आल्या होत्या. नंतर कळलं, तिन्ही वर्षं रोज नेसून येत होत्या. चष्मा बांधला. करुणानं खुणेचं पान काढून दिलं. पारूबाईंनी उजव्या हाताचं बोट पानावर टेकवलं आणि आवाज सुरू झाला, तोच, सावकाश, एकही अडखळ नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे मिटून ऐकत राहिले. म्हटलं, उशिरा का होईना, मिळालं त्यांचं त्यांना.

बराच वेळ झाला तरी पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी डोळे उघडले. त्यांचं बोट सरकत होतं, पण ओळीखालून नाही. पानाच्या कडेला, जिथं काही छापलेलं नसतं, त्या कोऱ्या पट्टीवरून ते वरखाली फिरत होतं. आठ वर्षं वाचून पाठ झालेलं त्या म्हणत होत्या. विहारातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी चुळबूळ केली नाही. मध्येच करुणानं हात पुढं करून हळूच पान उलटलं, दोन्ही हातांनी, आणि तळहातानं सपाट केलं.

वाचन संपल्यावर लोक उठले. मी दाराशी थांबले. पारूबाई करुणाचा खांदा धरून आल्या. मी म्हटलं, "पारूबाई, मी मनस्विनी. मला उशीर झाला."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी दिसत व्हतं मला."

मग पायानं चाचपून त्यांनी चपला शोधल्या आणि करुणाला विचारलं, उद्या टँकर किती वाजता आहे.